डीटीएससाठी परदेशी जाताना: देश कोणता, यापेक्षा तुम्हाला पाठवतंय कोण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवी झाली, वय २३. युरोपातल्या एका ख्रिस्ती शिष्यत्व प्रशिक्षण शाळेत (डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल), म्हणजे डीटीएसला, अर्ज मंजूर झालाय आणि जागा पक्की करायला त्यांनी अनामत रक्कम मागितली आहे. घरचे म्हणतात, वर्ष फुकट जाईल. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पाळकांना विचारलं तर ते ‘प्रार्थना करा’ म्हणून गप्प बसले. आणि तुम्ही विचारताय की हे देवाचं बोलावणं आहे हे ओळखायचं कसं, आणि जायचंच तर युरोप बरा की अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया.

मी अशाच एका शाळेचा विद्यार्थी होतो. नंतर बरीच वर्षं स्टाफमध्ये काढली, येणारे अर्ज वाचले, आउटरीचला, म्हणजे शिकवणीनंतरच्या प्रत्यक्ष सेवेच्या दौऱ्याला, टीम घेऊन गेलो. आता मंडळीत जे कुणी जायचं म्हणतात त्यांच्याबरोबर बसून त्यांचे कागद आणि त्यांचं मन, दोन्ही पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो: देशाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. खरी अडचण तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात, ती म्हणजे पाळकांचं गप्प बसणं. त्यावर येतोच, पण आधी ही शाळा नेमकी काय असते ते बोलू, कारण घरच्यांचा विरोध आणि तुमचा उत्साह हे दोन्ही अर्धवट माहितीवर उभे आहेत असं मला वाटतं.

‘डीटीएस’ हे नाव यूथ विथ अ मिशन या संस्थेमुळे रूढ झालं. आपल्यात तिला सगळे वायवॅम म्हणतात. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० साली ती सुरू केली, २०२३ मध्ये ते वारले. पुढे १९७८ साली हवाईमधल्या कोना इथे त्यांनी एक विद्यापीठ उभं केलं, ते आज युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्स म्हणून ओळखलं जातं. त्या विद्यापीठाचा पुढचा कोणताही कोर्स करायचा तर आधी डीटीएस करावीच लागते. साचा जवळपास सगळीकडे सारखा: साधारण तीन महिने वर्गातली शिकवण, मग दोन ते तीन महिने आउटरीच. दर आठवड्याला बाहेरून एक वक्ता येतो आणि एक विषय घेतो. देवाचं पितृहृदय, देवाची वाणी ऐकणं, पश्चात्ताप आणि क्षमा, आत्मिक युद्ध, आपले हक्क सोडून देणं, सुवार्ताप्रसार, ख्रिस्ती जीवनदृष्टी, असे ते विषय.

आता यातली कळीची गोष्ट. वायवॅम ही वरून खाली हुकूम जाणारी संस्था नाही. प्रत्येक बेस, म्हणजे तिचं स्थानिक केंद्र, आपापल्या पायावर उभा असतो. आपले पुढारी, आपले पैसे, आपला कल. स्टाफला पगार नसतो. प्रत्येक जण आपापल्या मंडळीकडून आणि मित्रांकडून सपोर्ट उभा करून राहतो. त्यामुळे एका बेसवर वीस वर्षं मुरलेली जोडपी शाळा चालवत असतील, आणि त्याच देशातल्या दुसऱ्या बेसवर गेल्याच वर्षी डीटीएस केलेली, तुमच्याच वयाची मुलं तुमची स्मॉल ग्रुप लीडर असतील. दोन्हींच्या दारावर पाटी एकच. म्हणून कुणी ‘वायवॅम चांगलं आहे का?’ असं विचारलं की मला उत्तर देता येत नाही. अमक्या बेसवरची अमक्या महिन्यात सुरू होणारी शाळा कशी आहे, असं विचारलं तर शोध घेता येतो.

शोध कसा घ्यायचा? वेबसाइटवरचे डोंगर, समुद्र आणि हसरे चेहरे बाजूला ठेवा. बेसला ईमेल करून विचारा की या वेळी शाळेचे लीडर कोण, त्यांनी याआधी शाळा चालवली आहे का, स्टाफ किती आणि विद्यार्थी किती अपेक्षित आहेत, आणि वक्त्यांची यादी ठरली आहे का. मग मागच्या तुकडीतल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, असं विचारा. त्यातला एक तरी असा हवा ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही आणि ज्याला व्हिसा काढून यावं लागलं होतं. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. बिनव्हिसा फिरणाऱ्या पासपोर्टवाल्याचा अनुभव कितीही खरा असला तरी तुमच्या उपयोगाचा नसतो. चांगला बेस अशा प्रश्नांनी खूश होतो. उत्तरात नुसतं ‘देवावर भरवसा ठेवा, ये तर खरं’ असं आलं, तर मी तिथे थांबतो.

तिथला दिवस कसा जातो हेही घरच्यांना सांगा, कारण ‘परदेशी फिरायला चाललाय’ हा समज त्यानेच मोडतो. सकाळी उठून आपापला शांत वेळ, मग एकत्र आराधना किंवा मध्यस्थीची प्रार्थना, मग दुपारपर्यंत वर्ग. जेवणानंतर वर्क ड्यूटी: भांडी, संडास-बाथरूम, बागकाम, स्वयंपाकघर, जे वाट्याला येईल ते. संध्याकाळी कधी स्मॉल ग्रुप, कधी रस्त्यावर सुवार्ता, कधी बाहेरच्यांसाठी सभा. आठवड्यातून एकदा तुमच्या स्टाफबरोबर वन-ऑन-वन, म्हणजे तासभर दोघांनीच बसून बोलायचं. शिवाय दर आठवड्याला शिकवणीवर जर्नल लिहून द्यायचं, ठरलेली पुस्तकं वाचायची, वचनं पाठ करायची. एका खोलीत चार-सहा जण, एक जण खिडकी उघडी ठेवणारा आणि एक बंद करणारा. माझं निरीक्षण असं की क्षमेवरचं व्याख्यान ऐकताना सगळे रडतात, पण क्षमा शिकतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सिंकमध्ये दुसऱ्याने तशीच सोडलेली कढई घासताना.

त्याच सुमाराला भाषेचा थकवाही येतो. इंग्रजी तुम्हाला चांगलं येत असेल, तरी सकाळी तीन तास व्याख्यान, जेवताना विनोद, संध्याकाळी मन उघडं करून प्रार्थना, हे सगळं परक्या भाषेत करणं वेगळं असतं. शांत झालेल्या मुलांना स्टाफ कधी कधी ‘हा मन बंद करून बसलाय’ असं समजतो. खरं तर बिचारा दमलेला असतो. मी स्टाफमध्ये असताना अशा मुलांना जर्नल मातृभाषेत लिहायला सांगायचो आणि खाली दोन ओळींचा इंग्रजी सारांश मागायचो. तुम्हीही आधीच विचारून ठेवा की असं चालेल का. रात्री मातृभाषेत एक अध्याय आणि मातृभाषेत प्रार्थना, एवढं कुणाच्याही परवानगीशिवाय चालू ठेवा.

आता ज्याबद्दल शाळेच्या माहितीपत्रकात काही नसतं त्यावर येतो. घरच्यांना ‘पंथबिंथ तर नाही ना’ अशी शंका असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. शिष्यत्वाच्या नावाखाली माणसावर ताबा मिळवण्याचा इतिहास मंडळीत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल इथून ‘शेफर्डिंग’ चळवळ पसरली. प्रत्येक विश्वासी एका ‘मेंढपाळा’च्या अधीन, आणि नोकरी, घर, लग्न असे निर्णयही त्याला विचारून. हेतू चांगला होता, पुढारी बायबलचे नावाजलेले शिक्षक होते. पण त्यातून इतकी माणसं दुखावली गेली की त्यांच्यातल्याच बॉब ममफोर्ड यांनी १९९० च्या सुमारास जाहीर माफी मागितली. चळवळ संपली, ती प्रवृत्ती संपली नाही. शिष्यत्वाच्या शाळांमधून बाहेर पडलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी गेल्या काही वर्षांत अशाच स्वरूपाच्या तक्रारी उघडपणे मांडल्या आहेत. सगळ्या शाळा तशा नाहीत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांत प्रेमळ, साधी, राब राब राबणारी माणसं होती. पण रचनाच अशी आहे की धोका आत बसलेला आहे. तरुण विद्यार्थी, घरापासून दूर, भावनांनी भरलेले आठवडे, समोर ज्याच्याकडे आदराने पाहायचं असा स्टाफ, आणि ‘देव मला म्हणाला’ या वाक्याला उलट प्रश्न विचारायची सवय नसलेली हवा.

या वाक्याबद्दल माझं मत ठाम आहे. देव बोलतो यावर माझा विश्वास आहे. पण ‘देव मला तुझ्याबद्दल म्हणाला’ हे कोणी म्हटलं की ते पारखायचा अधिकार ऐकणाऱ्याकडे असतो. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) त्यांचं कौतुकच केलेलं आहे. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे म्हणतो, सर्व गोष्टींची पारख करा. ही दोन्ही वाक्यं एका दमात आहेत. शाळेत पहिलं भरपूर ऐकायला मिळेल. दुसरं तुम्ही सोबत घेऊन जा.

व्यवहारात याचा अर्थ असा. पापकबुली सगळ्यांसमोर करायला लावली आणि तुमची तयारी नसेल, तर ‘मी हे माझ्या पाळकांशी बोलेन’ म्हणा. एवढं वाक्य पुरतं. हे ऐकून स्टाफने विषय सोडला तर ती शाळा निरोगी आहे, आणि पिच्छा पुरवला तर काय समजायचं ते समजा. वन-ऑन-वनमध्ये सांगितलेलं पुढे कुणाला कळतं, हे पहिल्याच भेटीत विचारा. पुष्कळ ठिकाणी स्टाफ आपसांत विद्यार्थ्यांबद्दल बोलून प्रार्थना करतो. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. घरी फोन करण्यावर पहिले काही दिवस मर्यादा असू शकते, ती समजण्यासारखी आहे. पूर्ण बंदी मान्य करू नका. शाळेच्या काळात नवं प्रेमप्रकरण सुरू करायचं नाही हा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि माझ्या मते तो शहाणपणाचा आहे. आणि पासपोर्ट स्वतःजवळ. सुरक्षित राहावा म्हणून बेसच्या तिजोरीत ठेवायचा असेल तर ठेवा, पण मागितल्याक्षणी मिळाला पाहिजे.

प्रकृतीबद्दल एक. अर्जासोबत वैद्यकीय फॉर्म असतो. नैराश्य, चिंता, फेफरं, जे काही असेल आणि जी औषधं चालू असतील ती सगळी खरी लिहा. नाकारतील या भीतीने लपवलेली गोष्ट पाचव्या आठवड्यात वर येते, तेव्हा आजूबाजूला तुमचा डॉक्टर नसतो. प्रार्थनेनंतर कितीही बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करायचं नाही. कुणी त्याला अविश्वास म्हटलं तरी नाही.

आता बोलावण्याचा प्रश्न, आणि तुमचे पाळक.

बोलावणं ओळखायचं कसं, याचं सूत्र माझ्याकडे नाही. पण अर्ज वाचताना मला एक फरक दिसत आला. काही अर्जांत मुलगा एकटाच असतो: मला दर्शन झालं, मला वचन मिळालं, मी येतोय. काहींत त्याच्या मागे माणसं दिसतात: पाळकांचं रेफरन्स पत्र दोन पानांचं, त्यात मुलाची कमतरताही लिहिलेली, संडे स्कूलमध्ये तो शिकवतो त्याचा उल्लेख, मंडळीने तिकिटाचा भार उचललेला. पहिल्या प्रकारची मुलं शाळेत जास्त चमकतात, हे कबूल. पण परतल्यावर टिकतात ती बहुधा दुसऱ्या प्रकारची. अंत्युखियाच्या मंडळीचं पाहा (प्रेषितांची कृत्ये १३). बर्णबा आणि शौल तिथे आधीपासून सेवेत होते, मंडळी उपास-प्रार्थनेत होती, तेव्हा आत्म्याने सांगितलं, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना रवाना केलं. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, बोलावणं तर कितीतरी आधी, दिमिष्काच्या वाटेवरच झालं होतं, तरी या कामाला तो निघाला मंडळीने पाठवल्यावरच.

म्हणून तुमचे पाळक गप्प का बसले हे शोधून काढणं तुमचं पहिलं काम. माझ्या पाहण्यात याची कारणं चार-पाचच असतात. एक म्हणजे त्यांना डीटीएस म्हणजे काय हेच नीट माहीत नसतं आणि तसं म्हणायचा संकोच वाटतो. दुसरं, याआधी कुणीतरी अशा शाळेला जाऊन आला आणि आल्याबरोबर ‘आपल्या मंडळीत आत्मा नाही’ असं बोलू लागला. तो घाव ताजा असतो. तिसरं, तुम्ही पैसे मागाल अशी धास्ती. चौथं, शिकवणीतला फरक. वायवॅममध्ये सगळ्या पंथांची माणसं असतात आणि आत्म्याच्या वरदानांवर भर देणारं वातावरण पुष्कळ ठिकाणी असतं. तुमची मंडळी जुन्या वळणाची असेल तर त्यांना ते खटकू शकतं. आणि पाचवं, जे ऐकायला कठीण जाईल: तुमच्यात त्यांना असं काही दिसत असेल ज्यामुळे तुम्ही आत्ता जाऊ नये असं त्यांना वाटतं. यातलं कोणतं, हे प्रार्थनेच्या वेळी उभ्याउभ्या विचारून कळणार नाही. वेळ मागून घरी जा. ‘मला परवानगी द्या’ असं सुरू करू नका. ‘माझ्याबद्दल तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ असं विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर लगेच खुलासा देऊ नका.

पाळकच जर सगळ्यांना बांधून ठेवणारे असतील तर? तसेही असतात. मग मंडळीतल्या वडीलजनांपैकी किंवा तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या विश्वासी माणसांपैकी दोघांशी बोला. कुणीतरी हवंच जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याचं ‘नाही’ तुम्ही ऐकणार आहात असा एकही माणूस नसेल, तर मी म्हणेन की या वर्षी जाऊ नका. तसं मन घेऊन वर सांगितलेल्या वातावरणात शिरलात तर तिथला पहिला ठाम आवाजाचा माणूस तुमचा मालक होतो.

घरच्यांचं मात्र परिस्थितीवर आहे. तुमच्या कमाईवर घर अवलंबून असेल, डोक्यावर कर्ज असेल, कुणाचं आजारपण चालू असेल, तर उत्तर बदलतं आणि त्यात अविश्वास काही नाही. शाळा वर्षातून एक-दोनदा सुरू होतेच. पुढची तुकडीही देवाचीच असते. घरचे ख्रिस्ती नसतील किंवा तुम्ही नुकताच विश्वास धरला असेल, तर मी आधी वर्षभर स्थानिक मंडळीत रुजायला सांगतो. बाकी ‘वर्ष वाया जाईल’ एवढाच आक्षेप असेल तर त्यांच्यासमोर कागदावर तारखा मांडा: शाळा सुरू कधी, संपते कधी, परत येऊन पहिल्या तीन महिन्यांत काय करणार. हेतूपेक्षा तारखांनी आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो.

आता व्हिसा, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. तुम्ही ‘युरोप’ म्हणालात. शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांत, अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. डीटीएस पाच-सहा महिन्यांची. म्हणजे शिकवणीचे १२ आठवडे जेमतेम बसतात आणि विमान एक आठवडा आधी-नंतर झालं की गणित फिसकटतं. आउटरीच शेंगेनच्या बाहेर असला तरी शेवटच्या डिब्रीफिंगला, म्हणजे बेसवर सगळ्यांनी मिळून अनुभव सांगायच्या दिवसांना, परत यायचं तर दिवस उरलेले नसतात. म्हणून त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागेल का, आणि बेस त्यासाठी निमंत्रणपत्र व राहण्याचा पुरावा देऊ शकतो का, हे अनामत भरण्याआधी लेखी विचारा. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला वेळ लागतो. दोन महिन्यांवर शाळा आली असेल तर मी पुढची तुकडी धरायला सांगतो. अल्पकालीन शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण दाखवावं लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू असावा लागतो, पण आउटरीचचे बरेच देश ६ महिने मागतात, तेव्हा कमी मुदत उरली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या.

आउटरीचची भानगड याहून किचकट. कुठे जायचं हे बहुतेक वेळा शाळा सुरू झाल्यावर, प्रार्थना करून ठरतं. टीममधल्या निम्म्या मुलांना त्या देशाला व्हिसाच लागत नाही, आणि तुम्हाला मात्र परक्या देशात बसून त्याच्या वकिलातीत अर्ज करावा लागतो. तिथे ‘तुम्ही इथले रहिवासी नाही, स्वतःच्या देशातून अर्ज करा’ असं सांगून परत पाठवलं जाऊ शकतं. दुसरं, तुमचा मूळ व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर आउटरीचला बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. माझ्या एका टीममधली एक मुलगी यामुळे शेवटच्या आठवड्याला मुकली. बाकीचे बेसवर परतून एकमेकांच्या साक्षी ऐकत होते आणि ती थेट घरी निघाली होती. तेव्हा बेसला हे दोन्ही आधी विचारा: बहुप्रवेश व्हिसा मिळेल का, आणि माझ्या पासपोर्टवाल्यांना मागच्या वेळी तुम्ही आउटरीचला कुठे पाठवलं होतं.

अमेरिकेचं वेगळं. तिथे तात्पुरता व्हिसा मागणारा जवळपास प्रत्येक जण मुळात स्थायिक व्हायलाच येतोय असं कायद्याने गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. पदवी नुकतीच झालेला, अविवाहित, नोकरी नसलेला अर्जदार आणि औपचारिक मान्यता नसलेला कोर्स, हे ऐकून अधिकारी साशंक होणारच. नाकारला गेला तर ते देवाने दार बंद केलं असंही नसतं आणि सैतानाचा हल्लाही नसतो; बहुतेक वेळा कागद कमी पडलेले असतात. देश कोणताही असो, मुलाखतीत ‘पर्यटनाला चाललोय’ असं सांगायचा सल्ला कुणी दिला, मग तो बेसवरचा माणूस का असेना, तर ऐकू नका. शिष्यत्व शिकायला खोटं बोलून जायचं, यातला विनोद मी समजावून सांगायला नको. शिवाय खोटं पकडलं गेलं तर पुढचे व्हिसाही अडकतात.

पैशांचं थोडक्यात. शिकवणीची फी, आउटरीचचा वेगळा खर्च, विमानं, व्हिसा, विमा, हातखर्च असे सहा आकडे वेगवेगळे मांडा. आउटरीचचा आकडा सुरुवातीला अंदाजाचा असतो आणि तो बहुधा वाढतो. सुरू होण्याआधी निदान शिकवणीची फी आणि परतीच्या तिकिटाचे पैसे हातात हवेत असं मी धरतो. ‘देव पुरवील’ हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पण लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला प्रभूनेच सांगितलं आहे. कर्ज काढू नका. मध्येच सोडावं लागलं तर किती पैसे परत मिळतात ते विचारून ठेवा. रक्कम बेसच्या नावावरच्या खात्यातच भरा. निमंत्रणपत्राच्या बदल्यात कुणी वैयक्तिक खात्यावर किंवा मनी ट्रान्सफरने पैसे मागितले, तर संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या बेसचा पत्ता शोधून आधी खातरजमा करा. अशा नावांनी फसवणारेही फिरत असतात.

प्रमाणपत्राचं त्याहून थोडक्यात: नोकरीसाठी त्याचा उपयोग धरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्सची क्रेडिट्स त्यांच्या स्वतःच्या व्यवस्थेत चालतात, बाहेरच्या विद्यापीठांत सहसा नाहीत. पाळक व्हायचं असेल तर डीटीएस ही सेमिनरी नव्हे. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास यातलं काही इथे शिकवत नाहीत. तुम्हाला मुख्यतः बायबल खोलवर शिकायचं असेल, आणि तुमच्या प्रश्नातला सूर मला तसा वाटला, तर वायवॅमचीच नऊ महिन्यांची स्कूल ऑफ बिब्लिकल स्टडीज आहे, ज्यात ६६ पुस्तकं एकामागून एक अभ्यासतात. पण तिच्याआधी डीटीएस आलीच. वायवॅमबाहेर पाहायचं तर मेजर इयन थॉमस यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकाशरला सुरू केलेलं केपनरे हॉल आहे, तिथे भर बायबलच्या शिकवणीवर असतो. मनात विश्वासाबद्दल प्रश्नांचंच काहूर असेल तर स्वित्झर्लंडमधल्या यूएमो गावात फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर यांनी १९५५ मध्ये सुरू केलेलं लाब्री पाहा. तिथे अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम, आणि प्रश्न तुमचे तुम्ही आणायचे. शंका घेऊन जाणाऱ्याला डीटीएसपेक्षा ती जागा मानवते असं मी पाहिलंय.

परतीचंही आत्ताच ठरवा. घरी आल्यावर पहिले दोन महिने सगळ्यात नाजूक असतात. तिथे रोज तासभर आराधना, आजूबाजूला समवयस्क, सगळ्यांचं एकच ध्येय. इथे रविवारी जुनीच गाणी आणि सोमवारी नोकरीचे अर्ज. अशा वेळी पुष्कळ जण पुढची शाळा किंवा स्टाफमध्ये जाणं पकडतात, आणि त्यालाही बोलावणं म्हणतात. बेसवरून ‘स्टाफ म्हणून राहशील का’ असं विचारलं जाण्याची शक्यता दाट आहे, कारण बिनपगारी हातांची त्यांना नेहमीच गरज असते. तिथल्या तिथे हो म्हणू नका. घरी या, तीन महिने मंडळीत बसा, मग ठरवा. निघण्याआधीच पाळकांना सांगून ठेवा की आल्यावर तुम्ही कोणतं काम हाती घेणार: तरुणांचा गट, संडे स्कूल, नाही तर सतरंज्या घालणं. ज्यांच्या मनात तो जुना घाव आहे त्यांना हे एकच आश्वासन पुष्कळ वाटतं, आणि कधी कधी रेफरन्स पत्र त्यानंतरच लिहिलं जातं.

तेव्हा या आठवड्यात अनामत भरू नका. जागा दोन-तीन आठवडे राखून ठेवाल का, असं बेसला विचारा, सहसा ठेवतात. त्याच ईमेलमध्ये लीडरचा अनुभव, दोन माजी विद्यार्थ्यांचे संपर्क, व्हिसाचा प्रकार, आउटरीचला परत प्रवेश, तक्रार असेल तर शाळेबाहेरच्या कुणाकडे करायची, आणि पैसे परतीचा नियम, एवढं विचारा. दरम्यान पाळकांकडे जाऊन या. बेसचं उत्तर आणि पाळकांचं बोलणं, दोन्ही इथे लिहा, म्हणजे तुमच्या बाबतीत ‘जा’ म्हणायचं की ‘पुढच्या वर्षी’, हे मला नेमकं सांगता येईल.